निरंक : ऊर्जा धोरणातील भूमिहीन माणूस

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वीज हा माझा विषय नव्हे. आमच्या वस्तीत पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आणि तेथवर पोचलो तो कथा-कवितेच्या वाटेने. अशा माणसाने राज्याच्या ऊर्जा धोरणावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण धोरण हाही एक मजकूर असतो. त्यात कोणीतरी बोलत असते, कोणाला तरी उद्देशून बोलत असते, आणि कोणीतरी गप्प असते. दलित साहित्याने मराठी समीक्षेला एक साधा प्रश्न विचारायला लावला : या लेखनात माणूस कोठे आहे, आणि तो कोणता माणूस आहे? जो प्रश्न आपण प्रस्थापितांच्या कादंबरीला विचारला, तो शासन निर्णयाला का विचारू नये?

अलीकडे 'न्याय्य ऊर्जा संक्रमण' हा शब्दप्रयोग रूढ होत आहे. कोळसा सोडून सूर्य, वारा, पाणी यांच्याकडे जाताना कष्टकऱ्यांवर अन्याय होऊ नये, असा त्याचा अर्थ. मूळ कामगार चळवळीतला हा विचार २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकातही आला. महाराष्ट्रात ही चर्चा सुरू झाली की चंद्रपूर आठवते. खाणी आणि औष्णिक केंद्रे बंद झाली तर कामगाराने कोठे जायचे, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण सातारा-सांगलीत कोळशाच्या खाणी नाहीत. येथे काही बंद व्हायचे नाही; येथे नव्याने यायचे आहे. पठारावर पवनचक्क्या आल्या, माळावर सौर प्रकल्प येत आहेत. म्हणून आमचा प्रश्न उलट्या बाजूने सुरू होतो. स्वच्छ वीज येते तेव्हा तिची किंमत कोण मोजतो?

१

हा प्रश्न आमच्या जिल्ह्यांना नवा नाही. कोयनेची वीज ही आजच्या भाषेत स्वच्छ ऊर्जाच होय. तिच्यात धूर नाही, राख नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी पोफळीची जनित्रे फिरू लागली. आज कोयनेच्या सर्व टप्प्यांची क्षमता १९६० मेगावॅटच्या घरात आहे आणि महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीत तिचा वाटा कोणी नाकारणार नाही. परंतु शिवसागर जलाशयाखाली शंभरच्या आसपास गावे गेली. राज्यात पुनर्वसनाचा पहिला कायदा झाला १९७६ साली. म्हणजे गावे बुडाल्यावर दशकाहून अधिक काळाने. साठ वर्षे उलटून गेली तरी कोयना धरणग्रस्तांना आपल्या हक्कासाठी ठिय्या देऊन बसावे लागले आहे. दिव्याखाली अंधार ही म्हण येथे अक्षरशः खरी झाली.

या बुडालेल्या माणसांतही उतरंड होती. भरपाई जमिनीच्या नावावर चालते. ज्याचे नाव कागदावर, त्याचे नुकसान मोजता येते. जो दुसऱ्याच्या शेतात राबत होता, बलुत्यावर किंवा गावकीच्या कामावर जगत होता, त्याचे फार तर घर मोजता येते. त्याचे सारे जगणे गावाशी बांधलेले होते. गाव बुडाले तेव्हा ते कोणत्या रकान्यात लिहायचे? रकाना नव्हता. मोजमापात जे बसत नाही ते नुकसानच नव्हे, हा नियम कोयनेच्या खोऱ्यात घालून दिला गेला. पुढे तो मोडला नाही.

२

दुसरा टप्पा वाऱ्याचा. १९९० च्या दशकात पवनचक्कीच्या खर्चावर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा दाखवण्याची मुभा आयकरात होती. राज्याने विक्रीकराच्या सवलतीही दिल्या. त्यामुळे पवनचक्की हा श्रीमंतांना कर वाचवण्याचा मार्गही झाला. सातारा तालुक्यातील चाळकेवाडी, पाटण तालुक्यातील वनकुसवडे ही पठारे त्या काळात पात्यांनी भरून गेली. वनकुसवड्याचे पठार तर कोयनेच्या जलाशयाच्या वरच्या अंगालाच आहे. खाली पाण्याने घेतले, वर वाऱ्याने घेतले.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी मुलांना घेऊन मी त्या भागात गेलो होतो. रात्री पठारावर लाल दिव्यांची रांग उघडझाप करीत होती. एक म्हातारे गृहस्थ आमच्याजवळ येऊन बसले. जमीन केव्हा विकली, कितीला विकली, हे त्यांनी सांगितले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मग म्हणाले, "वारं तर आमच्याच डोंगरावरचं. पर ते कुणाचं मीटर फिरवतंय, ते आमाला ठावं न्हाय." माझ्या एका विद्यार्थिनीने ते वाक्य वहीत लिहून घेतले. ऊर्जा धोरणावर मी आजवर वाचलेल्या मजकुरात इतके नेमके वाक्य मला आढळलेले नाही. वारा कोणाचा, असा प्रश्न धोरण विचारत नाही. जमिनीचा मालक ठरला की वाऱ्याचा मालक आपोआप ठरतो. आणि जमिनीचा मालक कसा ठरतो, हे आपणांस पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाने माहीत आहे.

३

आता तिसरा टप्पा, सूर्याचा. येथे मला स्वतःविषयी लिहिणे भाग आहे.

माझे गाव जत तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळानंतर माझ्या आज्ज्याने गावच्या गायरानात दोन एकर माळ फोडला. त्याच्याबरोबर वस्तीतल्या आणखी काही घरांनी फोडला. दगड वेचून बांध घातले. बाजरी, मटकी, हुलगा, पाऊस देईल ते घेतले. दरसाल अतिक्रमणाचा दंड भरला. त्या दंडाच्या पावत्या आज्ज्याने एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या; पुढे माझ्या बापाने जपल्या. जगात बहुधा दंडाची पावती लोक फेकून देतात. आमच्या घरात ती दागिन्यासारखी जपली गेली, कारण त्या जमिनीवर आम्ही होतो याचा तेवढाच लेखी पुरावा होता.

ही एका घराची गोष्ट नव्हे. भूमिहीनांना पडीक व गायरान जमिनी द्या, या मागणीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९६४ पासून देशव्यापी सत्याग्रह झाला. लोकांनी तुरुंग भरले. त्या रेट्याचा परिणाम म्हणून पुढे १९७८ आणि १९९१ साली शासन निर्णय झाले. १४ एप्रिल १९९० पर्यंत मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे १९९१ च्या निर्णयाने ठरले. तारीख मुद्दाम बाबासाहेबांच्या जयंतीची. माझ्या बापाने अर्ज केला. मंजुरी आली नाही. नकारही आला नाही.

काही वर्षांपूर्वी त्या गायरानात सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला. उपकेंद्र जवळ आहे, जमीन सरकारी आहे, माळ सपाट आहे. सर्व अटी पुऱ्या होत्या. जागेच्या अहवालाची प्रत मी मागून घेतली. त्यात जमिनीचे वर्णन 'पडीक' असे होते. पुढे एक रकाना : अतिक्रमण. आणि त्यासमोर एकच शब्द : निरंक.

मी भाषेचा शिक्षक आहे. या शब्दापाशी मी फार वेळ थांबलो. निरंक म्हणजे अंक नसलेले. मोजण्यासारखे काही नाही असे. गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, तीत माझ्या आज्ज्याचे नाव आहे. दंड घेताना आम्ही होतो. जमीन देताना आम्ही निरंक झालो. पन्नास वर्षे एका नोंदवहीत गुन्हेगार म्हणून असलेला माणूस दुसऱ्या कागदावर नाहीसाच होतो, आणि दोन्ही कागदांवर शिक्का सरकारी!

आणखी एक गोष्ट. माझी आई त्या माळावर शेरडे चारायची आणि येताना जळण आणायची. वेड्या बाभळीच्या काटक्या, वाळलेले शेण, तुराट्या. आमच्या घरातली ऊर्जा ती हीच. गायरान हे आमच्या वस्तीचे ऊर्जा केंद्र होते, असे मी म्हणालो तर अभियंते हसतील. पण चूल त्यावरच पेटत होती. आता तेथे तारेचे कुंपण आहे. आत प्लेटा आहेत. वस्तीतली दोन पोरे ठेकेदाराकडे प्लेटा पुसण्याच्या आणि राखणीच्या कामाला आहेत. आईने शेरडे विकली. स्वच्छ ऊर्जा आली, तेव्हा आमची मळकी ऊर्जा कुंपणाबाहेर राहिली, आणि तिच्या बदल्यात काय द्यायचे याचा रकाना पुन्हा एकदा नव्हता.

४

आता धोरणाकडे वळू. २०२० च्या डिसेंबरातील राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा धोरणाने २०२५ पर्यंत १७,३६० मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले होते. त्यात सौर १२,९३०, पवन २,५००, उसाच्या चिपाडापासून १,३५०, लघुजलविद्युत ३८०, शहरी कचऱ्यापासून २०० अशी वाटणी होती. बेरीज चोख आहे. पण ही वाटणी उगमांची आहे, माणसांची नाही. भूमिहीन मजुराच्या वाट्याचा एक मेगावॅटही या बेरजेत दाखवता येत नाही.

त्यानंतर मे २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्रांच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, हा तिचा हेतू. तो चांगला आहे, हे प्रथम स्पष्टपणे म्हटले पाहिजे. रात्री-अपरात्री पाणी पाजायला जाणे, विंचूकाट्यात, थंडीत उभे राहणे, हे ज्याने केले त्यालाच दिवसाच्या विजेचे मोल कळते. आणि दुसऱ्याच्या रानात रात्रीचा दारे धरणारा गडी बहुतेक वेळा आमच्याच वस्तीतला असतो. तेव्हा सौर ऊर्जा नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पाऊस लहरी झाला, ऊन वाढले, तर पहिला मार मजुरालाच बसतो. कोळशाचे गोडवे गाण्याचे आम्हांला काही कारण नाही.

माझा आक्षेप वाटणीला आहे. या योजनेत खासगी जमीन भाड्याने दिली तर मालकाला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला मिळतात आणि ते दरसाल वाढतात. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने दिली जाते. ग्रामपंचायतीला लोकोपयोगी कामांसाठी तीन वर्षे पाच-पाच लाख रुपये मिळतात. आता दोन शेजारी पाहा. सूर्य तोच, प्लेट तीच, माळही तसाच. ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याच्या माळाला दरसालचे भाडे. ज्याचे नाव एक-ई मध्ये आहे त्याच्या माळाला कुंपण. सूर्य सर्वांवर सारखा तापतो असे म्हणतात. महाराष्ट्रात तो सातबारा पाहून उगवतो.

हीच अट इतर योजनांतही लपलेली आहे. २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची आहे. सवलत आहे, पण पंप बसवायला आधी जमीन हवी, विहीर हवी. ज्याच्याजवळ दोन्ही नाही त्याला पाच टक्क्यांत काय मिळणार? त्याच वर्षापासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज मिळते. तेथेही पंप हवा. घरावरच्या सौर योजनेला छप्पर हवे, आणि ते प्लेटांचे वजन पेलणारे, आपल्या नावाचे हवे. आरक्षण आहे पण प्रवेश नाही, असा हा प्रकार आहे. सवलतीच्या रकान्यात आमची जात लिहिली, म्हणजे न्याय झाला असे धोरण समजते. जातीने आम्हांला जमिनीपासून दूर ठेवले, हे मात्र ते विसरते.

गायरानाच्या कायद्याची गोष्टही अशीच. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिले. ते धनदांडग्यांच्या अतिक्रमणांवर योग्यच होते. आणि भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेनुसार दिलेल्या जमिनींचा अपवाद त्या निकालातच आहे. राज्यात निर्देश अगदी पाठ झाला. अपवाद मात्र कोणी वाचीत नाही.

५

धोरणाची चिकित्सा केली; आता धोरण सुधारू पाहणाऱ्यांचीही केली पाहिजे. न्याय्य संक्रमणाचा पुरस्कार करणारी मंडळी प्रामाणिक आहेत. परंतु त्यांचे अहवाल बहुधा इंग्रजीत असतात, परिषदा पुण्या-मुंबईत होतात, आणि 'बाधित' म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर जमीन गेलेला शेतकरी येतो. ज्याची जमीन कधी नव्हतीच, त्याचे काय गेले, हे त्यांना दिसत नाही. 'स्थानिक समाज' हा त्यांचा लाडका शब्द. गाव एकजिनसी आहे, अशी समजूत त्यामागे आहे. ग्रामसभेचा ठराव झाला की गावाची संमती मिळाली! त्या ग्रामसभेत आमची वस्ती कोठे बसते, बोलते की नाही, बोलली तर दुसऱ्या दिवशी तिला मजुरीला कोण बोलावते, हे संमतीच्या कागदावर येत नाही.

आणि आपण? आपल्या साहित्यानेही हा विषय मोठ्या प्रमाणात सोडून दिला आहे. दया पवारांनी धरणावर राबणाऱ्या बाईचे गीत लिहिले, तेव्हा त्यांनी विकासाच्या एका मोठ्या कल्पनेला तिच्या बाजूने पाहिले होते. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी 'तराळ अंतराळ'मध्ये गावकीच्या कामाला जुंपलेल्या माणसाचे जग उभे केले. तो वारसा आपला आहे. पण पवनचक्कीखालची वस्ती, कुंपणाआडचे गायरान, प्लेटा पुसणारा पदवीधर पोरगा आपल्या कथा-कवितेत अजून पुरेसा आलेला नाही. वीज हा इंजिनियरांचा विषय, असे आपणही मानले.

बाबासाहेबांनी तसे मानले नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते आणि वीज त्याच खात्यात होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासावरील समितीपुढे त्यांनी जे भाषण केले त्याचा गाभा असा, की शेतीवर लादलेला माणसांचा भार उद्योगधंद्यांशिवाय हलका होणार नाही, आणि स्वस्त व मुबलक विजेशिवाय उद्योगधंदे उभे राहणार नाहीत. विजेची मालकी सरकारची असावी की खासगी, हाही प्रश्न त्यांनी तेथे मांडला. ज्या माणसाचे शाळेत नाव साताऱ्यात १९०० साली घातले गेले, त्याने विजेकडे दारिद्र्यातून सुटण्याचे साधन म्हणून पाहिले. आपण तिच्याकडे फक्त बिल म्हणून पाहतो.

६

मग पर्याय काय? तो बाहेरून आणण्याची गरज नाही. सांगली जिल्ह्यानेच तो एकदा दाखवला आहे. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर दुष्काळग्रस्तांनी बळीराजा धरण उभे केले. नदीच्या वाळूवर गावाचा हक्क सांगून त्यांनी त्यासाठी पैसा उभा केला. त्या लढ्याने एक तत्त्व मांडले : पाणी जमिनीला नव्हे, माणसाला, प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा, भूमिहीनालाही. ज्याला जमीन नाही त्याने आपल्या वाट्याच्या पाण्यावर दुसऱ्याची जमीन कसावी. पुढे डॉ. भारत पाटणकर, नागनाथअण्णा नायकवडी आदींनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून समन्यायी पाणीवाटपाची हीच मागणी लावून धरली.

पाणी जर जमिनीपासून सोडवता येते, तर सूर्य आणि वारा का नाही? माझ्या मते चळवळीने ऊर्जेविषयी पुढील मागण्या हाती घ्याव्यात. पहिली, १९९१ च्या निर्णयाखालील गायरानाचे प्रलंबित अर्ज निकाली निघाल्याखेरीज ते गायरान कोणत्याही प्रकल्पाला देऊ नये. दुसरी, 'अतिक्रमण निरंक' असे लिहिण्यापूर्वी नमुना एक-ई ग्रामसभेत आणि स्वतंत्रपणे वस्तीत वाचून दाखवावा. तिसरी, गायरानावरील प्रकल्पाला खासगी जमिनीइतकेच भाडे लावावे आणि ते गावातील भूमिहीन कुटुंबांत सारखे वाटावे. चौथी, अशा प्रकल्पांत भूमिहीनांच्या सहकारी संस्थांना मालकीचा वाटा द्यावा, राखणदारीचा नव्हे. पाचवी, चराई आणि जळण गेल्याची भरपाई बाईच्या नावाने द्यावी, कारण तो भार तिच्याच डोक्यावर होता.

यांत अशक्य असे काही नाही. पठारावर दीडदोनशे फूट उंचीचा खांब उभा करणे यापेक्षा पुष्कळ अवघड होते. तो उभा राहिला.

गेल्या सत्रात मी माझ्या विद्यार्थ्यांना एक काम दिले. नेहमीचा निबंध लिहू नका, म्हणालो. आपापल्या गावचा नमुना एक-ई मिळवा आणि त्यातली नावे शुद्ध अक्षरांत उतरवून आणा. काहींना तो मिळाला, काहींना हेलपाटे घालावे लागले. जी पाने आली ती मी वर्गात मोठ्याने वाचली. एका मुलाने आपल्या आजीचे नाव ऐकले आणि तो उभाच राहिला. का उभा राहिला, ते त्यालाही सांगता आले नाही. ती पाने माझ्याजवळ आहेत. आज्ज्याच्या पावत्यांच्या पेटीतच मी ती ठेवली आहेत. वाचकांपैकी जे शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत, त्यांनी आपापल्या तालुक्यात हे काम करावे, एवढीच विनंती. निरंक या शब्दाला उत्तर द्यायचे तर आधी नावे हवीत.